भागीदारी आणि मिंधेपणा : इंदूरच्या मंडळीतील मुक्काम

बुधवार, ५ मार्च २०२५

अहिल्यानगरहून रात्री निघालेली बस मनमाड, मालेगाव, धुळे असे करीत पहाटे बिजासनचा घाट चढली आणि खलघाटला नर्मदा ओलांडून सकाळी इंदूरला पोहोचली. अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी आमच्याच जिल्ह्यातले असल्यामुळे नगरच्या माणसाला इंदूर परके वाटत नाही. त्यातून माझी मावसबहीण (आमच्या ताई) लग्नानंतर इथलीच झाली आहे. ती परिचारिका म्हणून निवृत्त झाली असून छावणी भागातील एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ती आणि भाऊजी जातात. ही मंडळी हिंदीत उपासना करते, पण तिच्यात मराठी घरे बरीच आहेत.

माझे येण्याचे कारण मात्र नात्यागोत्याचे नव्हते. आमच्या मंडळीपुढे सध्या एक प्रस्ताव आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील एका गावच्या मंडळीत आमच्याकडून गेलेली काही कुटुंबे जातात आणि त्या मंडळीने आमच्याशी ‘भगिनी मंडळी’ म्हणून नाते जोडण्याची इच्छा पत्राने कळविली आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पंच कमिटीत यावरून दोन तट पडले. आमच्या प्रार्थनामंदिराचे छप्पर गळते, परदेशी मदत आली तर ते एकदाचे होईल, असे काहींना वाटते. तर परदेशाचे नाव नको, उद्या चौकशीचा ससेमिरा मागे लागेल, अशी भीती काहींना वाटते. सचिव या नात्याने उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला, तेव्हा दोन्ही बाजू पैशाच्याच भोवती फिरत आहेत हे मला खटकले. ताईंची मंडळी काही वर्षांपासून कॅनडातील एका मंडळीशी असे नाते चालवीत आहे हे माहीत असल्यामुळे ते प्रत्यक्ष पाहावे म्हणून मी आले.

आज ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता. संध्याकाळच्या उपासनेत शास्त्रपाठ आणि प्रार्थना हिंदीत झाल्या, आणि शेवटी पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) मराठी कुटुंबांसाठी नारायण वामन टिळकांचे एक भजन घेतले. पेटीच्या पहिल्या सुरांबरोबर मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या बायकांनी ज्या मोकळेपणाने आवाज लावला, तो ऐकून मला आमच्याच मंदिरात बसल्यासारखे वाटले. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि भजनात आणली ती, परदेशी मिशनऱ्यांशी स्नेह ठेवूनही त्यांच्या साच्यात बसण्याचे नाकारून. नात्याचा हा एक नमुना आपल्या घरातच आहे, हे आम्ही मराठी ख्रिस्ती लोक फार वेळा विसरतो.

गुरुवार, ६ मार्च

ताईंच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारी मंडळी ‘गुरुजी’ म्हणते, ते आज माझ्याबरोबर फिरले. रेसिडेन्सी भागातील व्हाइट चर्च बाहेरून पाहिले, ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात थोडे बसलो, पण खरा वेळ गेला तो गुरुजींच्या बोलण्यात.

कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीचे मिशनरी इंदूरला आले १८७७ साली. जे. एम. डग्लस इंदूरला आणि जे. फ्रेझर कॅम्बेल महूला राहिले. होळकर दरबाराचा शहरातील उघड प्रचाराला आरंभी विरोध होता आणि त्यावरून बरीच वर्षे खटके उडत राहिले. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बिटी आल्या, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या, आणि स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनी उपचार करण्याची सोय माळव्यात झाली. १८८७ मध्ये जॉन विल्की यांनी कॉलेज काढले. या डॉक्टरबाईंना पाठविणारी संस्था कॅनडातील स्त्रियांनी १८७६ साली स्थापन केली होती, आणि तिचा पैसा बड्या धनिकांकडून नव्हे, तर गावोगावच्या मंडळ्यांतील स्त्रियांनी थोडा थोडा बाजूला काढून जमवलेल्या वर्गणीतून येत असे. हे सांगताना गुरुजी थांबले आणि म्हणाले, “बाई, ज्यांनी ती वर्गणी काढली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि ज्यांच्यासाठी काढली त्यांची त्यांना नव्हती. मध्ये कार्यालय होते. पैसा पोहोचला, माणूस पोहोचला नाही.”

मला हे म्हणणे थोडे कठोर वाटले, कारण बिटी आणि ऑलिव्हर यांच्या रूपाने माणसे तर आलीच होती, आणि ती इथल्या उन्हातान्हात राबली होती. पण गुरुजींचा रोख वेगळा होता. माणसे आली ती एकाच दिशेने, आणि निर्णय झाले ते टोरोंटोच्या समित्यांमध्ये; इथल्या मंडळीचे पाळक, शिक्षक, घरोघर बायबल शिकविणाऱ्या ‘बायबल स्त्रिया’ हे सारे बराच काळ पगारी नोकर राहिले. ज्याच्या हातात पगार, त्याच्यापुढे सल्ला देणारा मोकळेपणाने बोलत नाही. विल्की आणि त्यांचे सहकारी यांच्यात पुढे तीव्र मतभेद झाले, तेव्हाही त्यांचा निवाडा परदेशातच झाला.

आमच्या नगरलाही हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ मध्ये काम सुरू केले, आणि १८५५च्या सुमारास बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः पश्चिम हिंदुस्थानात येऊन गेले. स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःच सुवार्ता सांगावी, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारख्या एतद्देशीय पाळकांच्या हाती मंडळ्या सोपविल्या गेल्या. तत्त्व इतके जुने असूनही ते अंगी मुरायला शंभर वर्षे लागली, याचे कारण मला एकच दिसते: तत्त्व सांगणारा आणि तिजोरी सांभाळणारा एकच होता.

एडिंबर्गच्या १९१०च्या जागतिक मिशन परिषदेत व्ही. एस. अझरिया या तिशीतल्या भारतीय पाळकाने पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की, तुम्ही आपली मालमत्ता गरिबांना दिलीत, देह झिजवलेत, आता आम्हाला मित्र द्या. सभेतल्या अनेकांना ते झोंबले. पण बोलणारा नुसता मागणारा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या पाच वर्षे आधी, १९०५च्या नाताळात, सेरामपूरला भारतीय माणसांनी, भारतीय पैशाने आणि भारतीय व्यवस्थेने चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९१२ मध्ये ते दोर्णकलचे बिशप झाले आणि अँग्लिकन मंडळीतील पहिले भारतीय बिशप ठरले. स्वतःच्या पायावर उभे राहून मैत्री मागणे यात जी प्रतिष्ठा आहे, ती हात पसरून मागण्यात नाही.

पुढचे टप्पे गुरुजींनी भराभर सांगितले. १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, त्यात माळव्याच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या आल्या तशाच आमच्या भागातल्या मंडळ्याही आल्या. १९२५ मध्ये कॅनडात मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ कॅनडा झाले. १९४७ मध्ये ऑन्टारिओतीलच व्हिटबी येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली आणि तिथे ‘पाठविणाऱ्या’ आणि ‘मिळविणाऱ्या’ मंडळ्या ही भाषा सोडून आज्ञापालनातील भागीदारी असे शब्द वापरले गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यानंतर इथल्या मंडळीचा कॅनडाशी संबंध एका चर्चचा दुसऱ्या चर्चशी असा राहिला, मालक आणि नोकर असा राहिला नाही.

परत येताना गुरुजींनी डॉ. रॉबर्ट मॅक्क्लुअर यांची आठवण काढली. हे शल्यचिकित्सक १९५४ पासून १९६७ पर्यंत रतलामच्या मिशन रुग्णालयात होते, आणि कॅनडाला परतल्यावर १९६८ मध्ये युनायटेड चर्चचे मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, निवडले गेले. त्या पदावर बसलेले ते पहिले अदीक्षित, म्हणजे पाळक नसलेले, गृहस्थ. माळव्यात तेरा वर्षे राहिलेला माणूस कॅनडाच्या चर्चच्या शिखरावर बसला, तेव्हा माळव्याने कॅनडाला काहीच दिले नाही असे कोण म्हणेल?

शुक्रवार, ७ मार्च

मार्चचा पहिला शुक्रवार हा स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन. मी मुद्दाम हा दिवस साधून आले होते, आणि या मुक्कामात मला सर्वांत जास्त शिकविले ते आजच्या दुपारने.

या दिवसाची रीत अशी आहे की, दरवर्षी एका देशाच्या ख्रिस्ती स्त्रिया उपासनेचा क्रम लिहितात आणि जगभरच्या स्त्रिया तो आपापल्या भाषेत चालवितात. मागच्या वर्षी पॅलेस्टाइनच्या स्त्रियांनी लिहिला होता. यंदाचा कुक बेटांतल्या स्त्रियांनी लिहिला. विषय १३९व्या स्तोत्रातला, देवाने मला अद्भुत रीतीने घडविले आहे, हा. एकोणिसाव्या शतकात अमेरिका आणि कॅनडातील स्त्रियांच्या प्रार्थना दिवसांतून ही प्रथा उगवली आणि १९२७ पासून ती जगभर पाळली जाऊ लागली. कोणत्याही बिशपच्या आज्ञेशिवाय इतकी वर्षे ती टिकली, ही साधी गोष्ट नाही.

मंदिराच्या मागच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. भिंतीवर प्रशांत महासागराचा हाताने काढलेला नकाशा होता आणि त्यावर निळ्या रंगात पंधरा ठिपके होते. इतक्या अफाट पाण्यात ही पंधरा बेटे, आणि सारी लोकसंख्या इंदूरच्या एखाद्या वॉर्डात मावेल एवढी! ताईंनी आदल्या आठवड्यात क्रमाचे हिंदी भाषांतर वाचून काढले होते, आणि मराठी बायकांसाठी दोन प्रार्थना स्वतः मराठीत करून वहीत लिहिल्या होत्या. प्रत्येकीने आत येताना ‘किआ ओराना’ म्हणायचे असे ठरले होते. तो त्या बेटांवरचा नमस्कार. ऐंशीच्या घरातल्या एका आजींना ते काही केल्या जमेना, म्हणून त्या हात जोडून आपल्या नेहमीच्या पद्धतीने ‘सलाम’ म्हणाल्या आणि सर्वांनी त्यांना तसेच उत्तर दिले.

उपासनेत तिथल्या स्त्रियांच्या जीवनाची वर्णने वाचली गेली, पण मला मोलाचे वाटले ते नंतरचे. दर वर्षी भगिनी मंडळातील, म्हणजे मंडळीतल्या स्त्रियांच्या मंडळातील, एकजण त्या देशाबद्दल माहिती काढून सांगते. यंदाची पाळी एका शाळेत शिकविणाऱ्या तरुण बाईंची होती. त्यांनी सांगितले की, कुक बेटांवर सुवार्ता १८२१ मध्ये पोहोचली, आणि ती पोहोचविणारा मुख्य माणूस गोरा नव्हता, तर पपेइहा नावाचा रायआतेआ बेटावरचा स्थानिक शिक्षक होता. लंडन मिशनरी सोसायटीचे जहाज त्याला सोडून पुढे गेले आणि तो तिथेच राहिला. सुमारे पन्नास वर्षांनी त्याच बेटांवरची माणसे पापुआ न्यू गिनीला शिक्षक म्हणून जाऊ लागली. त्यांतले कितीतरी हिवतापाने मेले, तरी नवे जात राहिले. म्हणजे ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नाही असे जगाला वाटत होते, त्यांनी दोन पिढ्यांत माणसे दिली.

त्या बाईंनी याला जोडून मिझोरमची गोष्ट सांगितली. तिथल्या स्त्रिया विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, तो मंडळीत जमा करून विकला जातो, आणि त्या पैशावर मिझो मंडळीचे मिशनरी भारतभर आणि बाहेरही जातात. ऐकताना एका बाईंनी हळूच विचारले, “मग आपण काय काढतो?” कोणी लगेच उत्तर दिले नाही. चहा झाल्यावर मात्र भगिनी मंडळाच्या सचिवांनी त्यांचे वृत्त-पुस्तक मला दाखविले. कॅनडाच्या मंडळीशी नाते जुळल्यापासून दर महिन्याचे एक पान दोन रकान्यांत आखलेले आहे: ‘आम्ही त्यांच्यासाठी’ आणि ‘ते आमच्यासाठी’. दोन्हीकडे नावे आहेत आणि नावापुढे निमित्त आहे. कोणाच्या नातवाची शस्त्रक्रिया, कोणाची गेलेली नोकरी, कोणाचा नवरा स्मृतिभ्रंशाने घर विसरला. एका महिन्यात डावा रकाना कोरा होता, तर खाली शाईने लिहिले होते: ‘पत्र पाठवून विचारावे.’ मला त्या पानाइतका स्पष्ट भागीदारीचा करार आजवर कुठे दिसला नाही.

नात्यात आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण पडू न देण्याची गोष्ट निघाली, की मराठी ख्रिस्ती माणसाला पंडिता रमाबाई आठवल्यावाचून राहत नाहीत, आणि रात्री जेवताना आम्ही त्यांच्याविषयीच बोललो. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनीसंघात राहत असताना, ज्यांनी आसरा दिला त्यांनाच रमाबाईंनी कळविले की, मलाही माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझे मन आणि माझा निर्णय आहे. तरीही त्यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार तोडला नाही. पुढे १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्यातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींची शाळा सुरू झाली. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींच्या धर्माचा वाद पेटला, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, आणि सारा गहजब झाला. त्या वेळी बोस्टनच्या मंडळींनी सगळे ऐकून घेऊन रमाबाईंवरचा विश्वास कायम ठेवला. या वादात कोणाची बाजू किती बरोबर होती याबद्दल मराठी समाजात आजही दुमत आहे, आणि ते असणारच. परंतु हजारो मैलांवरच्या देणगीदारांशी ताठ मानेने आणि हिशेब चोख ठेवून कसे वागावे, हे त्यांच्याकडून शिकावे. भाऊजी म्हणाले, “मिंधेपणा नको आणि कृतघ्नपणाही नको; मधली वाट फार अरुंद असते.”

शनिवार, ८ मार्च

सकाळी रेड चर्च पाहिले. संत फ्रान्सिस यांच्या नावाचे हे कॅथोलिक धर्मप्रांताचे मुख्य मंदिर. जर्मन-डच सीमेवरच्या स्टाइल गावी १८७५ मध्ये स्थापन झालेल्या दिव्य शब्द संघाचे पाद्री इंदूरला १९३२ मध्ये आले. आज त्याच संघाचे भारतीय पाद्री परदेशांत काम करतात, आणि युरोपातील कितीतरी पॅरिशांत (स्थानिक मंडळ्यांत) भारतीय पाद्री मिस्सा ही उपासना चालवितात. याच धर्मप्रांतात केरळच्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया उदयनगर भागात भूमिहीन आणि कर्जबाजारी आदिवासींमध्ये काम करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या कुटुंबाने आणि संघाने मारेकऱ्याला क्षमा केली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. या प्रसंगाला व्हॅटिकनहून कार्डिनल आले होते. पण मला इथे नोंदवायचे ते हे की, ही बाई परदेशातून आली नव्हती. एका भारतीय मंडळीने दुसऱ्या भारतीय प्रदेशाला दिलेली ती देणगी होती. राष्ट्रांच्या सीमा ओलांडण्याआधी प्रांतांच्या आणि भाषांच्या सीमा ओलांडायला आपण शिकलो आहोत का, असा प्रश्न मला तिथे पडला.

दुपार मंडळीच्या खजिनदारांकडे गेली. ते व्यवसायाने लेखापाल आहेत आणि त्यांच्या बोलण्यात आडपडदा नव्हता. आमच्या पंच कमिटीत ज्या गोष्टीवरून वाद होता तिचा निकाल त्यांनी कायदा समोर ठेवून लावला.

परदेशी योगदान नियमन कायदा १९७६ साली आला, २०१० मध्ये नव्याने झाला आणि २०२० मध्ये कडक झाला. नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय कोणत्याही संस्थेला परदेशी योगदान घेता येत नाही, आणि नोंदणी पाच-पाच वर्षांची असते. पैसा सर्वप्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था पैसा घेऊन लहान मंडळ्यांना वाटून देऊ शकत असे. २०२०च्या दुरुस्तीने ते बंद झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. वार्षिक विवरण ३१ डिसेंबरच्या आत भरावे लागते. म्हणजे आमच्यासारख्या एका मंदिराच्या मंडळीने कॅनडाकडून छपरासाठी पैसा घेणे हा प्रश्नच उरत नाही.

यापुढे जे सांगितले ते मला मुळीच ठाऊक नव्हते. परदेशी नागरिकाने इथे येऊन रुपयांत दिलेले दानही परदेशी योगदानच ठरते. रविवारी एखादा कॅनडाचा पाहुणा मागच्या बाकावर बसला आणि दानाची थाळी त्याच्यापुढे आली, तरी खजिनदाराने ते ध्यानात ठेवायचे. आपल्या मंडळीतून गेलेली परिचारिका ब्रॅम्प्टनला आहे आणि तिचा पासपोर्ट भारतीय आहे, तोवर तिने बचतीतून बँकेमार्फत पाठविलेले अर्पण स्वदेशी समजले जाते. ज्या दिवशी ती कॅनडाची नागरिक होईल, त्या दिवसापासून तिचे तेच अर्पण परदेशी. हे ऐकून ताई खिन्न झाल्या, कारण त्यांच्या पुतणीची कथा नेमकी हीच आहे. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद या मंदिराच्या दप्तरात आहे आणि तिचा दशांश, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे अर्पण, मात्र इथे येऊ शकत नाही.

प्रवासी व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला उपासनेला बसता येते, पण धर्मोपदेश करता येत नाही; त्यासाठी मिशनरी व्हिसा लागतो. त्यामुळे कॅनडाचे पाळक इथे आले तेव्हा ते व्यासपीठावर चढले नाहीत. ते बाकावर बसले, आणि नंतर सभागृहात सर्वांबरोबर जेवले. खजिनदारांच्या मते नात्याच्या दृष्टीने तेच बरे झाले, कारण पाहुणा बोलण्याऐवजी ऐकत होता.

मध्य प्रदेशात परदेशी पैसा आणि धर्मांतर यांविषयीचा संशय जुना आहे. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६चा, धर्मस्वातंत्र्याचा राज्याचा पहिला कायदा १९६८चा आणि सध्याचा २०२१चा. या वातावरणात राहणाऱ्या मंडळीला लपवाछपवी परवडत नाही. म्हणून कॅनडाशी झालेला सारा पत्रव्यवहार इथे हिंदीत भाषांतरित करून फाइलला लावला आहे, आणि ती फाइल मंडळीतल्याच काय, शेजारच्या कोणालाही पाहायला मिळते. मला ही पद्धत भीतीपोटी आलेली वाटली नाही. ज्याला शेजाऱ्यासमोर आपले परदेशी नाते उघड ठेवता येत नाही, त्याच्या नात्यात काहीतरी कमी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

रविवार, ९ मार्च

सकाळच्या उपासनेत लूककृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला गेला. धोंड्याची भाकर कर, मला नमन कर म्हणजे सारी राज्ये देतो, असे सैतान येशूला म्हणतो तो. पाळकसाहेब म्हणाले की, भाकरीत पाप नाही, भाकरीला जोडलेल्या अटीत आहे. आणि अट घालणारा नेहमी सैतानाच्याच रूपात येतो असे नाही, कधी तो उपकारकर्त्याच्या रूपात येतो, आणि कधी आपणच त्या रूपात दुसऱ्याकडे जातो. पुढे त्यांनी करिंथकरांस दुसरे पत्र उघडले. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल असून यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी वर्गणी देण्याची परवानगी मागतात, आणि पौल म्हणतो की आज तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढो, उद्या त्यांची तुमची. यात देणारा आणि घेणारा कायमचा ठरलेला नाही.

संध्याकाळी सभागृहात पडदा लावून कॅनडाशी दृक्‌श्राव्य भेट झाली. एरवी हिवाळ्यात ती इथल्या साडेआठला असते. पण तिकडची घड्याळे आजच एक तास पुढे गेल्यामुळे त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसात झाले होते. मागे बसलेल्या तरुणांचे अर्धे लक्ष दुबईतल्या क्रिकेटच्या अंतिम सामन्याकडे होते आणि पाळकसाहेबांनी त्यांना फार टोकले नाही. पडद्यावर पन्नासएक माणसे दिसत होती, बहुतेक पांढऱ्या केसांची, आणि गायकवृंदात तीन-चार भारतीय चेहरे.

नियम असा आहे की, प्रत्येक बाजूने आपली एक गरज सांगायची आणि ती पैशाची नसावी. कॅनडाच्या बाईंनी सांगितले की, येत्या १० जूनला त्यांच्या युनायटेड चर्च ऑफ कॅनडाला शंभर वर्षे होतील, पण त्यांच्या गावची मंडळी इतकी कमी झाली आहे की मंदिराची इमारत ठेवावी की विकावी हा निर्णय उन्हाळ्याआधी घ्यायचा आहे. इमारतीशिवाय मंडळी कशी टिकते, हे त्यांना इंदूरकडून ऐकायचे होते. इथल्या एका बाईंनी उठून घरोघरीच्या प्रार्थनासभांची सारी व्यवस्था सांगितली: वार कसे लावले आहेत, ज्या घरी दुःख आहे तिथे आधी कसे जायचे, चहापलीकडे खाणे करायचे नाही म्हणजे गरिबाला ओझे होत नाही. तिकडचे लोक लिहून घेत होते. ज्या देशाने दीडशे वर्षांपूर्वी इथे मंडळी कशी उभारावी हे सांगायला माणसे पाठविली, तो देश आज इंदूरच्या गृहिणीकडून ती कशी टिकवावी हे लिहून घेत होता, आणि दोन्हीकडच्या कोणालाही त्यात नवल वाटत नव्हते. मला मात्र वाटले, आणि डोळे भरून आले.

गुरुजींनी नंतर मला एक गोष्ट सांगितली. युनायटेड चर्चने १९८६ मध्ये आपल्या देशातील मूळ रहिवाशांची क्षमा मागितली, कारण सुवार्तेबरोबर त्यांनी आपली संस्कृतीही त्यांच्यावर लादली होती. त्यांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल १९९८ मध्ये पुन्हा मागितली. नाते जुळले त्या पहिल्याच भेटीत कॅनडाच्या पाळकांनी हे आपणहून सांगितले होते आणि विचारले होते की माळव्यात आमच्याकडून असे काय झाले ते आम्हाला सांगाल का. त्यानंतर बोलणे सोपे झाले, असे गुरुजी म्हणाले.

सोमवार, १० मार्च

परतीच्या बसमध्ये मसुदा लिहून काढला. पैशाचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात ठेवला आहे: आम्ही पैसा मागणार नाही, घेऊ शकत नाही, आणि छप्पर आमच्या सुगीच्या सणाच्या अर्पणातून टप्प्याटप्प्याने करू. त्याखाली दोन रकान्यांची महिन्याची नोंद, पत्रव्यवहार मराठीत भाषांतर करून मंदिरात उघडा ठेवणे, आणि वर्षातून एकदा भगिनी मंडळांची संयुक्त प्रार्थना या तीन गोष्टी आहेत. एक मागणी मात्र आमच्याकडून घातली आहे. आमच्या ज्या मुली तिकडे वृद्धाश्रमांतून आणि रुग्णालयांतून रात्रपाळ्या करतात, त्यांतल्या काहींना हिवाळ्यात रविवारी मंदिरापर्यंत यायला वाहन नसते असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले आहे. त्या मंडळीतल्या कोणी त्यांना घ्यायला जावे. आणि आमच्या गावी शिकायला आलेली ईशान्येकडची आणि आफ्रिकेतली मुले भाड्याच्या खोल्यांतून राहतात, त्यांच्याकडे उपवासकाळातल्या प्रत्येक रविवारी आमच्यातले एक कुटुंब जाईल, हे आमच्या बाजूचे वचन त्याच पानावर लिहिले आहे. पंच कमिटीची सभा येत्या शनिवारी आहे.